जस्टकाकांची सगळ्यात जड खुर्ची

जस्टकाकांचं खरं नाव विचाराल तर त्यांच्या इमारतीत चारदोन माणसंसुद्धा सांगू शकणार नाहीत. घरसामान हलवून देणाऱ्या एका कंपनीत ते मुकादम. हाताखालचे गडी ठिकठिकाणचे, प्रत्येकाची बोली निराळी, त्यामुळे कामावर सगळ्यांना कळेल अशी भाषा एकच, मोडकंतोडकं इंग्रजी. काकांचंही इंग्रजी यथातथाच होतं. अख्खं वाक्य धड एका दमात येईल तर शपथ. पण 'जस्ट', 'राइट', 'स्ट्रेट', 'हाफवे' असले बारके शब्द ते इतके नेमके बसवत की बोलायची सोय नाही, आणि त्यातल्याच एकावरून गड्यांनी त्यांचं बारसं करून टाकलं.

हे काही ते आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. नवे मुकादम असताना एका बाईंचं आरशाचं कपाट जिन्याच्या वळणावर क्षणभर टेकवायचं होतं. काका म्हणाले, "अप द स्टेअर्स," आणि गेले टेम्पोकडे. गडी बिचारे आज्ञाधारक. त्यांनी कपाट नेलं ते थेट गच्चीच्या दाराशी. बाई राहायच्या पहिल्या मजल्यावर! ते धूड परत खाली आणताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले, आणि प्रत्येकानं आपापल्या बोलीत काकांचा जो उद्धार केला, तो त्यांना भाषा येत नसूनही अक्षरशः कळला. जिन्यानं वर एवढं सांगून भागत नाही, किती वर तेही सांगावं लागतं, एवढा धडा मिळाला. 'हाफवे अप द स्टेअर्स' म्हटलं असतं तर सगळ्यांची कंबर वाचली असती.

तेव्हापासून त्यांना नादच लागला. गिऱ्हाइकांच्या तोंडून असे शब्द ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी गड्यांवर चालवून बघायचे. 'बिसाइड द डोअर' म्हटलं की टेबल दारापासून हातभर लांब जातं, 'राइट बिसाइड द डोअर' म्हटलं की चौकटीला खेटून बसतं. तसबीर 'अबव्ह द सोफा' सांगितली तर हे पठ्ठे छताला टेकवणार, 'जस्ट अबव्ह' म्हणा, मग माणसाच्या डोळ्यांसमोर येते. 'इन्टू द रूम' म्हणजे दारातच टाकून पळायची सोय, 'ऑल द वे इन्टू द रूम' म्हटलं की पळवाट बंद. गादी, खाट, शिलाईचं मशीन, काहीही असो, वस्तू पोचायच्या आधी काकांचा बारका शब्द तिथे जाऊन उभा असायचा. डावंउजवं सांगायची वेळ आली की त्या त्या खांद्यावर थाप मारायचे, म्हणजे 'राइट'चा घोळ नको.

घरीही तेच. चष्मा कुठे ठेवलाय असं काकूंनी विचारलं की उत्तर यायचं, "राइट ऑन टॉप ऑफ द रेडिओ." काकू म्हणायच्या, अहो, मी काय तुमचा गडी आहे? पण ऐकून ऐकून त्यांनाही सगळं पाठ झालं होतं. शिवणकाम करता करता त्या कधी कधी नवऱ्याची हुबेहूब नक्कल करायच्या आणि त्यांची लेक हसून हसून लोळायची.

जिन्यात मात्र काकांचा कायदा कडक. जड सामान उतरवताना खालच्या अंगाचा गडी उलटा चालतो, त्याला मागचं काही दिसत नाही. दुसऱ्याची जीभ तेच त्याचे डोळे. म्हणून जिन्यात एकच तोंड चालणार, बाकीच्यांनी मूग गिळायचे, आणि ते एक तोंड नेहमी काकांचं. इतक्या वर्षांत ते स्वतः कुणाच्या शब्दावर उलटे उतरले नव्हते. का म्हणून विचाराल, तर दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, दुसरं काय.

आणि मग काकू पडल्या. घरातच, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही, पण जिना चढायचा-उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. दवाखान्याच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरला बांधून वर आणलं. शेजारीपाजारी दारादारांत उभे राहून बघत होते. काकूंनी तोंडावर पदर ओढून घेतला तो घरात आल्यावरही बराच वेळ काढला नाही.

त्याच सुमाराला लेकीनं पलीकडच्या कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान थाटलं. आईकडून शिकलेली कला, आईचंच जुनं मशीन. काकूंनी पलंगावर बसल्या बसल्या दुकानाला पिवळा पडदा शिवून दिला, पण दुकान काही बघितलं नाही. पलंगाजवळच्या खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे नळाचे पाइप.

काका म्हणाले, त्यात काय, मी पियानो उतरवलेत, तुला खाली नेणं म्हणजे डाव्या हातचा मळ. काकूंचा धाकटा भाऊ याच कंपनीत गडी होता. त्याला घेऊन एका सुट्टीच्या दिवशी काका हातांची खुर्ची आणि पट्टे घेऊन पलंगाशी हजर झाले. मी वरून सांगतो, तू फक्त बस, असा हुकूम सुटला. काकूंनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. येत नाही म्हणाल्या. पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. मग काका भडकले. लेक तिकडे वाट बघते, भाऊ सुट्टी मोडून येतो, आणि हिचा आपला नन्नाचा पाढा! त्यांनी समजावलं, रागावले, अबोला धरला. सगळे उपाय करून हात टेकले.

त्यातून काकू दिवसेंदिवस गप्प व्हायला लागल्या. नकला बंद झाल्या. खिडकी उघड म्हणेनात. लेक दुकानातल्या गमती सांगायची, तर नुसतं हं हं करायच्या. एका सकाळी वेणी घालायलाही नको म्हणाल्या, आणि काका मनातून चरकले. ही अशीच भिंतीकडे बघत बघत विझून जाईल, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत. पलंगाच्या कडेला बसले. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं.

"तूच सांग," ते म्हणाले. "कशी नेऊ तुला?"

काकूंनी मान वळवली.

"इतक्या दिवसांत आज विचारलंत," त्या म्हणाल्या. "कपाटाला कुणी विचारत नाही, ते कळतं मला. पण मी कपाट नाही हो."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. पण काकूंचं पुढचं तयार होतं. इतके दिवस पडल्या पडल्या त्यांनी सगळा बेत आखून ठेवला होता. भाऊ पाठीशी, वरच्या बाजूला. तुम्ही समोर, खालच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून. खुर्चीत बसल्यावर तुमच्या खांद्यावरून सगळा जिना मला दिसेल, तुम्हाला दिसणार नाही. तेव्हा तोंड माझं चालेल.

काका म्हणजे घामाघूम. उलटं उतरायचं, तेही दुसऱ्याच्या शब्दावर? त्यांनी तीनदा घसा खाकरला. मग मेहुण्याला निरोप धाडला.

तो येताच खुर्चीला पट्टे बांधले, पट्टे खांद्यांवर घेतले. काकूंनी वेणी घातली होती, चांगली साडी नेसली होती. खुर्ची उचलली गेली आणि काकूंचा आवाज फुटला, कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा खणखणीत. "स्ट्रेट बॅक टू द डोअर." काका मागे सरकले. "जस्ट पास्ट द मॅट. थांबा. आता पायरी." मेहुणा वरून, ताई, जरा डावीकडे, असं काहीतरी पुटपुटला, तशी काकूंनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. जिन्यात एकच तोंड.

एक मजला उतरला. शेजाऱ्यांची दारं उघडली, पण आज काकूंना पदर ओढायला सवड कुठे होती? दुसऱ्या वळणावर त्या म्हणाल्या, "राइट इन्टू द कॉर्नर." काका एक पाऊल मागे गेले आणि अडकले. त्यांना वाटलं, मागे कोपरा नाहीच, पायरीची कड आहे. पाय उचलेना.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले.

"मला दिसतंय," काकू म्हणाल्या. "राइट इन्टू द कॉर्नर, अहो. या."

काकांनी डोळे मिटले आणि पाऊल मागे टाकलं. पाठीला भिंत लागली, गार. त्यापुढे त्यांनी एकदाही विचार केला नाही. काकू बोलतील तिकडे पाऊल पडत गेलं. "हाफवे डाउन," मग "ऑल द वे डाउन," मग "स्ट्रेट आउट थ्रू द गेट." पायांखाली पायरी संपून सपाट फरशी आली, तोंडावर ऊन आलं, रस्त्याचा गलका कानांवर आला.

आणि काकू गप्प झाल्या.

काका उलटेच उभे होते. पाठीमागे काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं, दिसत होता तो फक्त काकूंचा चेहरा. त्या त्यांच्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बघत होत्या, तिथल्या पिवळ्या पडद्याकडे, आणि डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं.

मेहुण्याच्या खांद्यांना रग लागली. काकांचे तर दंड जळत होते.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "टेकवायची का खाली?"

"थांब," काका म्हणाले. "तिनं अजून सांगितलं नाही."