उलटा टांगलेला अॅम्प्लिफायर

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण आहे ते पेणच्या चाचांचं. चौथीपर्यंत शिकलेले, आखातात गाड्यांचं वायरिंग करून परतलेले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण बी.एस्सी.नंतर हाताला काम दिलं त्यांनीच. दोन वर्षं त्यांच्याकडे शिकून मी रोह्याला कार ऑडिओचं दुकान टाकलं.

पहिलं मोठं काम आलं ते कंपनीच्या शिफ्टची माणसं नेणाऱ्या व्हॅनचं. मागे पायाशी डब्यांच्या पिशव्या असतात, म्हणून अॅम्प्लिफायर मी मागच्या सीटमागच्या फळीला खालून उलटा टांगला. सुबक दिसत होता. चार दिवसांत मालक दारात.

"पेणच्या वाटेवर कासूपर्यंत गातो, मग मुका. थंड झाला की परत गातो. माणसं हसतात मला. शनिवारपर्यंत नाय झालं तर उपटून टाकीन, आणि कुणी बसवला ते स्टँडवर सांगीन."

"मालच खराब आला असेल," मी म्हणालो आणि व्हॅन घेऊन पेण गाठलं.

चाचांनी तासभर गाणी वाजवली. मग म्हणाले, "पदवीधर, हात लाव."

मी लावला आणि लगेच काढला.

"पोळला?"

"व्हय."

त्यांनी उदबत्ती पेटवून खाली धरली. धूर वर चढला, अॅम्प्लिफायरला अडला आणि फळीखाली घुटमळत राहिला. मग फडक्यात धरून त्यांनी अॅम्प्लिफायर सोडवला आणि सीटच्या पाठीमागे, दोन बोटं जागा सोडून, उष्णता बाहेर टाकणाऱ्या खाचा उभ्या येतील असा धरला. तोच धूर आता सरळ त्या खाचांतून वर गेला, कुणी वरून ओढून घ्यावा तसा. उष्णतेचं अभिसरण मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. पाहिलं मात्र त्या दुपारी.

"पुस्तकात नव्हतं काय हे?"

"होतं. मार्कही मिळाले."

"मग झालं तर," चाचा हसले. "पुढं जाळी लाव. वारा जाऊ दे, डबे नको."

रविवारी मी त्यांना पत्र टाकलं:

'चाचा, सलाम. व्हॅन काल दोनदा पेणला जाऊन आली, गाणं थांबलं नाही. माल खराब आहे असं मी न तपासताच मालकाला सांगितलं होतं, हे फोनवर तुम्हाला सांगवलं नसतं. चूक माझी होती, असं आज त्याला सांगितलं. म्हणाला, ते मला कळलंच होतं. उद्या तो आपल्या भावाची गाडी पाठवतोय. जागा मीच ठरवीन, पण स्क्रू मारण्याआधी तुम्हाला फोटो पाठवतो.'