दोन वर्षांचा करार तिला नको होता

आज सकाळी साडेअकराला ब्रॉडबँडवाला एक वाक्य बोलला आणि माझं सगळं बदललं.

मुग्धासाठी मी कॉलेज अर्धवट सोडलं. नोएडात खोली घेऊन आम्ही दोघं लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचो. नेट घेताना मी म्हटलं, बिझनेस कनेक्शन घेऊ, बिघडलं तर त्याच दिवशी दुरुस्ती. पण त्यात दोन वर्षांचा करार होता. ती म्हणाली, “बांधून कशाला घ्यायचं यार? घरगुतीच बरं, हवं तेव्हा बंद.” मला वाटलं, किती समजूतदार पोरगी!

चार दिवस नेट बंद होतं. ग्राहकांच्या शिव्या मी खाल्ल्या. आज तो माणूस आला आणि वायर जोडता जोडता म्हणाला, “भैया, मॅडमने तो इसी महीने बंद करने को बोला है. फिर ठीक क्यों करवा रहे हो?”

मी मुग्धाकडे पाहिलं.

“पुण्यात जॉब लागलाय. सांगणारच होते, पण तू लगेच भडकतोस.”

“अर्ज कधी केलास?”

“नेट घ्यायच्या आधी.”

मित्रांनो, तुम्ही प्लॅन निवडताना काय विचारता? स्पीड? दुरुस्ती? मीही तेच विचारलं होतं.

राउटरचा दिवा हिरवा झाला. “आलं बघ नेट,” ती म्हणाली.

मी चप्पल घातली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.