खोकला असलेली रेकॉर्ड

"सील बघा आधी," असं म्हणत आमचे शेजारी कुठलीही वस्तू पहिल्यांदा उलटी करायचे. औषधाची बाटली, तेलाची पिशवी, दिवाळीला मी नेऊन दिलेला चिवड्याचा डबासुद्धा. आधी बूड बघायचे, मग कडा, मग माझ्याकडे.

"वैनी, मधे कुणाच्या हातात गेल्ता का हा?"

आता आमच्या दोन दारांच्या मधे जुन्या जालन्यातला तो एवढासा बोळ. मधे कोण येणार, सांगा तुम्हीच.

वीज खात्यात जन्मभर त्यांनी मीटरं तपासली. गल्लीत सगळे मीटरसाहेबच म्हणायचे. लोक काय काय करून वीज चोरतात ते बघून बघून त्यांचा कशावरच भरवसा राहिला नव्हता. घरात ताप मोजायचे थर्मामीटर दोन. मी विचारलं तर म्हणाले, "एकटं मीटर खोटं बोलू शकतं. संशय आला की जोडीला दुसरं भरवशाचं मीटर लावायचं. मंग पकडलं जातं."

अशा माणसाला गाण्याचा नाद असेल असं वाटत नाही ना? पण होता, आणि तोही कसल्या गाण्याचा, तर परदेशी बाज्यांचा. जॅझ म्हणतात त्याला, हे त्यांनीच मला सांगितलं. ट्रेनिंगला मुंबईला गेले होते तेव्हा रस्त्यावर एक जुनी रेकॉर्ड मिळाली, ती घेऊन आले. मला काही त्यातलं कळत नसे. नळावर बायका भांडतात तसं एकेक बाजा पुढे येऊन आपलं म्हणणं सांगतो आणि बाकीचे मागे हूं हूं करतात, एवढं ध्यानात यायचं. लोकांसमोर वाजवताना घेतलेली ती रेकॉर्ड होती. पेल्यांचे आवाज, टाळ्या, सगळं त्यात. दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी बाजा हळू होत होत थांबतो, आणि तिथं ऐकणाऱ्यांतला कुणीतरी खोकतो. चांगला ठसका लागल्यासारखा.

त्यांची बायको, आम्ही अक्का म्हणायचो त्यांना, चुलीपुढून बरोबर तिथं बोलायच्या, "पाणी द्या हो त्याला कुणीतरी." दरवेळी. साहेब खाली मान घालून हसायचे. कशाचाही संशय न घेता हसलेला त्यांचा चेहरा मी तेवढाच पाहिला.

अक्का गेल्या. लेक लग्न होऊन नाशिकला. मग रोज संध्याकाळी ती रेकॉर्ड लागायची. खोकला झाला की साहेब थोडा वेळ थांबायचे, जसं काही कुणी बोलणार आहे, आणि मग मशीन बंद करायचे.

आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका उन्हाळ्यात ते वडीगोद्रीला पुतण्याच्या लग्नाला निघाले. चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कुणाला देऊ नका." मी झाडायला गेले तर रेकॉर्ड मशीनवरच राहिलेली, वर फुफाट्याचा थर. मला वाटलं, धुळीत पार मळून गेली की ही. रिठ्याच्या पाण्यात धुतली, रेशमी लुगडं धुवावं तशी हळू हाताने. काळीभोर चमकायला लागली. वर गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी धुतलेल्या धोतरावर ठेवली वाळायला आणि खाली आले.

तासाभराने गेले तर कडा वर आलेल्या. रेकॉर्डची परात झालेली.

मी दाबून बघितली, पाटाखाली ठेवून बघितली. शेवटी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि गोधड्यांच्या ट्रंकेत तळाशी घातली. साहेब आले तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. मान वर केली नाही.

त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला. पेपरवाला, मोलकरीण, सख्खा मेव्हणा. सगळ्यात जास्त रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांवर, कारण मशीनची सुई तेच बदलायचे. भर बाजारात त्यांना बोलले. चाचा म्हणाले, "साब, वो बाजा मेरेकू मुफत में बी नक्को." लोक हसले, पण चाचांना लागलं. दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

"चावी तुमच्याकडे होती म्हणून बरं वैनी," मला म्हणाले. "तुमच्यावर तर प्रश्नच न्हाई."

मी सूप उचललं आणि आत गेले.

पुढे सीड्या निघाल्या. तेव्हापासून ते स्वस्तातले डबे मागवायला लागले. पुठ्ठ्याचा डबा, आत दहा-दहा सीड्या. "भारीवाले आवाज घासून साफ करतात," म्हणायचे. "स्वस्तवाल्यांना घासायला वेळ न्हाई. सापडला तर यांच्यातच सापडंल." काय सापडायचंय ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

डबा आला की आधी उलटा करायचे. कधी वाजवलं त्याचं साल छापलेलं नसलं की, "काहीतरी लपवून राह्यले." मग मला बोलवायचे. मी ती मूळ रेकॉर्ड इतकी वर्षं बोळापलीकडून ऐकलेली, म्हणून. "तुम्ही माझं दुसरं मीटर," म्हणायचे. डोळे मिटून ऐकायचे. "ह्या टाळ्या मागून चिकटवल्यात. ऐका, शिट्टी मारणारा माणूस प्रत्येक गाण्याला तोच." कधी, "जल्दी चालवलंय, सूर चढलाय." एकदा तेच गाणं मिळालं, तोच बाजा, पण शेवटी नुसती शांतता. साहेबांनी तेवढाच शेवट पुन्हा लावून बघितला.

"आवाज साफ करता करता माणसंबी साफ करून टाकली," म्हणाले.

ऐकून झालं की डब्याला बारीक तार बांधून, आत घडी केलेली चिठ्ठी सरकवून, वर लाख लावायचे. मीटर तपासल्यावर लावतात तसं.

वर्षं गेली. साहेबांचे हात थरथरायला लागले, पण डबे थांबेनात. एक दिवस नवा डबा आला. तेच गाणं. मी कान लावून बसले आणि साहेबांकडे बघत होते. शेवटी बाजा थांबला, आणि तिथं खुर्ची सरकल्यासारखा नुसता खर्रकन आवाज झाला. खोकला नव्हता. मला स्वच्छ कळलं.

मी म्हणाले, "हाच. हाच तो." आणि तोंडातून निघून गेलं, "पाणी द्या हो त्याला कुणीतरी."

साहेबांनी डोळे उघडले. डबा बघतात तसं माझ्याकडे बघितलं, कडेकडेनं. मला वाटलं, पकडलं आता. पण ते एवढंच म्हणाले, "बराबर." तार बांधली, लाख लावली. त्यानंतर एकही डबा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाव किलो पेढे घेऊन चाचांच्या दुकानात गेले. तिथं चहा घेतला, तासभर बसले. मला केवढं हायसं वाटलं. मी म्हटलं, खोकला सापडला, मन निवळलं माणसाचं.

साहेब गेले त्याला आता बरेच दिवस झाले. लेक सामान आवरायला आली तेव्हा मला म्हणाली, "काकू, हे काय आहे बघा ना." आम्ही दोघींनी मिळून एकेका डब्याची लाख फोडली. पहिल्या चिठ्ठीवर त्यांच्या टोकदार अक्षरात दोनच शब्द. "खोकला नाही." दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. लेक हसायला लागली.

शेवटच्या डब्यातल्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या.

"खोकला नाही. वैनी म्हणतात, आहे."

लेकीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र ती चिठ्ठी पुन्हा वाचली. मीटर खोटं बोललं तर ते का बोललं, हे शोधण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याला रेकॉर्ड कुणाच्या हातून गेली ते उमगायला कितीसा वेळ लागणार? आणि दुसऱ्याच दिवशी चाचांकडे पेढे का गेले, ते मला तेव्हा कळलं.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पेढ्यांनंतरच्याच आठवड्यात साहेब वडीगोद्रीला निघाले होते. पिशवी खांद्याला लावून माझ्या दारात आले. घराची चावी माझ्या तळहातावर ठेवली, दरवेळेसारखी, आणि म्हणाले, "कुणाला देऊ नका."