मागच्या कोपऱ्यातला कॅमेरा

भरे गावात प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं, तेव्हा मागच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक दगड होता. जागा विकणाऱ्या कुटुंबाचा म्हसोबा, एवढंच मला माहीत. खरेदीखत झालं, तारेचं कुंपण झालं, माझ्या लेखी विषय संपला. ते कुटुंब बांधापलीकडेच राहायचं. मी लातूरकडची, बांधापायी सख्ख्या भावांची डोकी फुटलेली पाहिलीयत. त्यामुळे शेजाऱ्यांशी हसून बोलायचे, पण डोळा कुंपणावर.

मी शिक्षिका. शाळेची बस भल्या सकाळी यायची. नवरा हिंजवडीत कंपनीत, तो निवांत निघायचा. एका अमावास्येला दुपारी परत आले, तर दगडाला ताजा शेंदूर, हळदकुंकू, फोडलेला नारळ, वर लिंबू. कुंपणाची तार एका जागी सोडून पुन्हा बांधलेली. माझं डोकंच सणकलं. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, मी निघेपर्यंत तरी कुणी आलं नव्हतं. पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच. स्टाफरूममध्ये एकीनं करणीची शंका काढली. करणीबिरणी मी मानत नाही, पण जमिनीची हाव मला ठाऊक आहे. आज नारळ, उद्या चौथरा, परवा पत्र्याचं देऊळ, आणि मग म्हणणार, जागा देवाची! दोघांची सगळी पुंजी त्या प्लॉटमध्ये होती. मला भीती वाटत होती, अगदी खरी.

म्हणून कॅमेऱ्यांचा हट्ट धरला. नवरा टाळत राहिला. गावात राहायचंय, लोक काय म्हणतील, वगैरे. शेवटी फाटकावर एक बसवायला कसाबसा तयार झाला. मागचा मात्र मी तो ऑफिसात असताना बसवून घेतला, पेरूच्या फांद्यांआड, आणि त्याला सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, शेजारी जाऊन बोलून बसेल, असा माझा हिशोब.

समोर काही हललं की तो कॅमेरा आपोआप चित्रण करायचा, ते नंतर टीव्हीवर बघता यायचं. शाळेतून आले की मी चहा घेऊन टीव्हीपुढे. एक मुंगूस. शेजाऱ्यांची कोंबडी. वाऱ्यानं हलणारी माझीच वाळत घातलेली साडी. एकदा त्यांची सून कुंपणाशी थांबली, पेरूकडे बघितलं आणि गेली. तेवढं मी पुन्हा पुन्हा पाहिलं. काय बघत होती बया?

मग अमावास्या आली. टीव्हीवर आमचंच मागचं दार उघडलं आणि नवरा बाहेर आला, हातात पक्कड. त्यानं तार सोडली. जागा विकणाऱ्याची म्हातारी आई ताट घेऊन आत आली. तिनं शेंदूर लावला, यानं नारळ फोडून दिला. ती गेल्यावर यानं तार बांधली आणि सवयीनं एकदा ओढून पाहिली. ते सवयीनं ओढून पाहणं मला फार लागलं.

संध्याकाळी त्याला टीव्हीपुढे बसवलं. तो आधी कॅमेऱ्यावरच चिडला. मग सांगितलं, व्यवहाराच्या वेळी म्हातारीला कबूल केलं होतं, देवाची वाट बंद होणार नाही. तुला सांगितलं असतं, तर तू दगडाच्या जागी बोअर मारली असतीस, म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून आणखी संताप आला.

"शब्द दिला होता गं मी," तो म्हणाला.

"आणि मला काय दिलंस? थापा?"

त्यानंतर आम्ही बरेच दिवस कामापुरतंच बोललो. म्हातारीच्या मनात नक्की काय आहे, याची शंका तरीही माझ्या मनातून जाईना.

पुढच्या अमावास्येला तो कंपनीच्या कामासाठी परगावी होता. मी रजा टाकली आणि पक्कड घेऊन स्वतः तार सोडली. म्हातारी ताट घेऊन आली, ती बांधावरच थांबली. मी म्हटलं, या की आजी.

"साहेब न्हाईत?"

"नाहीत. मी आहे ना."

तिनं माझ्या डोक्यावरून थेट पेरूच्या फांदीकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या बाई. साहेब असत्याल तवा यीन," म्हणाली. तिथूनच दगडाला हात जोडले आणि ताट तसंच घेऊन माघारी गेली.

दुपारी टीव्ही लावला. म्हातारी चित्रात आलीच नव्हती. कुंपणाशी मी एकटीच दिसत होते, सोडलेली तार हातात धरून, आणि कितीतरी वेळ तशीच उभी होते.