उताऱ्याआधीची गोष्ट

अफूवरच्या उताऱ्याची कुपी फोडण्याआधी डॉक्टर एक गोष्ट सांगत. "आमचं पहिलं लेकरू असंच गेलं. माह्या बायकोनं अफू चाटवली, निजावं म्हणून. मी डॉक्टर असून तिनं मले सांगितलं नाही." एवढीच गोष्ट. ती ऐकून समोरची बाई रडू लागे आणि खरं काय ते बोलून टाके. त्या गोष्टीतली बायको म्हणजे मी. मी कुठल्याही लेकराला कधीही अफू चाटवलेली नाही, आणि आमचं पहिलं लेकरू म्हणजे सुधा, ती पुण्यात शिक्षिका आहे.

एरवी हा माणूस खोटं बोलण्यात अगदी कच्चा होता. पत्ते खेळताना हातात एक्का आला की कान लाल होत. भाजी अळणी झाली तर "छान झाली" म्हणताना नजर मिठाच्या वाटीकडे जाई. धिप्पाड देह, पुढे आलेलं पोट, कोटाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. पेशंट समोर बसला की आधी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "खाय आधी, मंग सांग काय दुखून राह्यलं." ज्याला दाणे गिळता येत नाहीत त्याचं दुखणं खरं, असा त्यांचा हिशेब होता.

मी पुण्याची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या सुमाराला आमचं लग्न झालं. डॉक्टरांनी आधी वऱ्हाडातल्या उंद्रीत दवाखाना थाटला, जम बसवला आणि मग मला तिकडे नेलं. त्यांची बोली ऐकून माझ्या माहेरच्या बायका पदराआड हसत. उंद्रीत माझी बोली ऐकून तिथल्या बायका हसत, त्या मात्र पदर वगैरे घेत नसत.

सुगीत बायका सकाळीच वावरात जात. तान्हं पोर दिवसभर निजावं म्हणून आईच्या बोटावरून चिमटीभर अफू त्याच्या तोंडात जाई. सरकारने विक्री बंद केली होती, पण जुन्या डब्या घराघरांत होत्या, आणि डब्या होत्या म्हणून पोलिसांची भीतीही होती. कधी मात्रा चुके. पोर निळं पडे, श्वास तुटक होई. मग घरची माणसं त्याला दवाखान्यात आणून सांगत, ताप आला.

डॉक्टरांजवळ यावर उतारा होता, नॅलॉर्फिन नावाचं इंजेक्शन. मुंबईचा एक वर्गमित्र खटपट करून दोन-चार कुप्या पाठवी. पण ते औषध दुधारी. पोटात अफू असेल तर श्वास परत आणणार, दुसरंच काही असेल तर आहे तो श्वासही दाबणार. "डोळ्यांतली बाहुली पाहून कळत नाही का?" मी एकदा विचारलं. "मोहरीएवढी झाली असली का समजते," ते म्हणाले, "पण हे लोक इतक्या उशिरा आणतात का तवा बाहुलीबी खोटं बोलते." म्हणून अफूचं नाव ऐकल्याशिवाय ते कुपी फोडत नसत. आमचे कंपाउंडर शेषराव यांनाही तीच ताकीद होती. थेंबभर औषध द्यायचं, थांबायचं, पुन्हा थेंबभर. पोर रडलं की घरचे उठून जायला निघत, पण डॉक्टर कोणाला हलू देत नसत. "बसा. सुई लवकर उतरते, अफू उशिरा," असं म्हणून स्वतःही पोराशेजारी दाणे खात बसून राहत.

ही गोष्ट माझ्यासमोर त्यांनी कधी सांगितली नाही. मला ती कळली सुधाच्या पाळण्यापाशी. बाळंतपण माहेरी आटोपून मी तीन महिन्यांची सुधा घेऊन उंद्रीला आले, तर रोज दुपारी आळीतली एक ना एक बाई येऊन पाळण्याजवळ बसू लागली. मला वाटलं, केवढी ही माया! मी प्रत्येकीला चहा करून पाजला, माहेरी पत्रातून कौतुक कळवलं. एका दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारच्या सरूआजी सुधाच्या नाकाखाली बोट धरून बसल्या होत्या. "हाय, चालू हाय श्वास," असं स्वतःशी म्हणाल्या आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाल्या, "आता नोको देऊ वो माय. एक गेलं तेवढं पुरे झालं."

त्या माझ्यापासून माझ्या मुलीची राखण करत होत्या. ज्यांना मी चहा पाजला त्या सगळ्याच. पुढे कित्येक दिवस मला विहिरीवर जाववेना. बायका काही बोलत नसत, उलट माझी घागर उचलून देत, आणि त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं होई. न केलेल्या कर्माची लाज हलकी असते असं ज्याला वाटतं, त्याने ती भोगलेली नाही.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. कान लाल झाले.

"अहो, दुसरं कोणी सापडलं नाही तुम्हाला?"

"माह्या आईचं नाव सांगून पाह्यलं आधी. सासूनं देल्ली म्हटलं का सुना चूप बसतात. मी देल्ली म्हटलं तं कोणाले पटत नाही, बाप कधी लेकरू निजवते काय? लेकराच्या आईनं देल्ली म्हटलं का आई बोलते."

"आणि माझी अब्रू?"

"अब्रू जाते, मागून येते, कुसुम. श्वास गेला का येत नाही."

"मग जा आणि घेऊन या," मी म्हटलं. "आत्ता जा."

त्यांनी खरंच पायात चपला सरकवल्या, ओट्यापर्यंत गेले आणि परत आले. "तीन घरी खोटं होतं म्हणून सांगितलं," ते म्हणाले, "तं चौथ्या घरचं लेकरू निळं पडल्यावर तिथं काय सांगू?" माझा राग गेला नाही. तो पावसाळा मी त्यांच्याशी बोलले नाही. ते सुधाला सांगत, "तुह्या आईले म्हण, मले चटणी पाह्यजे," आणि मी चटणीची वाटी ताटाजवळ आपटत असे.

त्याच साली ज्वारीच्या सोंगणीत डॉक्टर कोर्टाच्या साक्षीला बुलढाण्याला गेले होते, संध्याकाळच्या एसटीने येणार होते. भर दुपारी एक तरुण बाई पोर घेऊन आली. वच्छला तिचं नाव. बरोबर सासू. सासू एकच घोकत होती, "ताप आलता, ताप." शेषराव आत येऊन मला म्हणाले, "बाई, अफूच दिसते. पण कबूल करून नाई राह्यल्या. मी कुपी कशी फोडू?"

पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर गेले. वच्छलाने मान वर केली. "तुमीच काय वो डॉक्टरीणबाई? तुमचंच गेलं नं असं?"

बाकावर दोन पेशंट बसले होते, सासू होती, शेषराव होते. इतके महिने मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. कोणीतरी तोंडावर विचारावं, मी चारचौघांत "नाही" म्हणावं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर व्हावं. शब्द ओठांवर आला होता. पोराचं पोट वर उचललं गेलं, खाली गेलं आणि मग वर यायलाच तयार होईना.

"हो," मी म्हटलं. "माझंच. मी दिली होती, निजावं म्हणून. यांना सांगितलं नाही, म्हणून गेलं."

"म्याबी देल्ली वो बाई!" वच्छला ओरडली. "सकायी एकडाव, अन् रडलं म्हून अजून एकडाव." सासूने कपाळावर हात मारला आणि शेषरावांनी कुपी फोडली.

पोर रडलं. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, झाला नाही. बाकावरचे दोघे माझ्याकडे कसे बघत होते तेच डोळ्यांपुढे राहिलं. एक लेकरू जगलं आणि मी आपल्या अब्रूचं सुतक धरून बसले, याची आणखी निराळी लाज वाटली. संध्याकाळपर्यंत मी त्या पोराजवळून उठले नाही.

डॉक्टर आले, शेषरावांकडून त्यांना सगळं कळलं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "तू सांगितलं?"

"तुमच्यापेक्षा बरं सांगितलं."

ते हसले नाहीत. पाटावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "मले लाज वाटते कुसुम. तुह्याकडे पाह्यवत नाही."

"वाटू द्या," मी म्हटलं आणि ताट वाढलं. त्यानंतर मात्र गोष्ट सांगितली की ते घरी येऊन मला कळवत. "आज सांगितली." मी विचारी, "लेकरू?" ते "हाय" म्हणत, किंवा काहीच म्हणत नसत. आमच्यात या विषयावर याहून जास्त बोलणं पुढे कधी झालं नाही.

म्हातारपणी ते उंद्रीतच गेले, छातीच्या कळेने, दवाखान्याच्या खुर्चीत. भेटायला बायकांची रीघ लागली. सुधा पुण्याहून आली होती, माझ्या शेजारी बसली होती. वच्छला आली, केस पांढरे झालेले. बरोबर त्या वाचलेल्या पोराची बायको, तिच्या मांडीवर तान्हं.

"देवमाणूस होता वो बाई," वच्छला डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या हातून तेवढं झालं, तरी तुमाले कधी अंतर नाई देल्लं. दुसरा असता तं माहेरी धाडून देल्लं असतं."

सुधाने चमकून माझ्याकडे पाहिलं. "आई, काय झालं होतं तुझ्या हातून?"

तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. आता ज्यांच्याखातर गप्प राहायचं ते डॉक्टरही नव्हते. एवढ्या रडारडीत त्या तरुण सुनेच्या मांडीवरचं मूल मात्र गाढ झोपलं होतं आणि ती काही केल्या मान वर करत नव्हती. कदाचित ते नुसतंच झोपलेलं असेल.

सुधाच्या हातातला हात सोडवून घेऊन मी त्या पोरीजवळ सरकले. "घाबरू नकोस," मी म्हटलं. "मला सांग. मीही दिली होती."