दोघेही माझगावला जायचे

रोज दुपारी जेवणं झाली की मी आईला ग्रुप वाचून दाखवतो. तिला आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. कोणी दारात उभं राहिलं तर उजेड कमी झाल्यावरून तिला कळतं. कान मात्र शाबूत आहेत, आणि चौकशा तर त्याहून शाबूत. करी रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला. मूळ भाडेकरूंना मागच्या बाजूच्या इमारतीत जागा मिळाल्या, काहींनी त्या विकून विरार गाठलं, काही गावाला गेले. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मात्र सगळी चाळ अजून आहे. कोण वारलं, कोणाची नात दहावी झाली, गणपतीला यंदा कोण कोण येणार, हे सगळं मी मोठ्याने वाचतो आणि आई मध्ये मध्ये शेरे मारते.

त्यातला तिचा आवडता मेसेज एकच. सकाळी साडेसहाला येणारा, "राम राम मंडळी. काकी बऱ्या आहेत ना?" हा आमच्या समोरच्या खोलीतल्या भय्याच्या मुलाचा. भय्या हा शब्द मी अजून सवयीने वापरतो. त्याच्या वडिलांना सगळी चाळ त्याच नावाने हाक मारायची, माझे बाबाही, आणि ते ओ द्यायचे. ते उत्तर प्रदेशातले, आम्ही मालवणकडचे. ते आणि बाबा एकाच गिरणीत, एकाच खात्यात मागावर होते. त्या गिरणीतले चाळीत हे दोघेच, बाकीचे सगळे दुसऱ्या गिरण्यांतले. मुलगा माझ्याच वर्गात, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत होता आणि निबंधात त्याला माझ्याहून जास्त मार्क पडायचे. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं असलं की तो स्वतःच्या आईला पत्ता लागू न देता येऊन जेवायचा. माझी आई त्याला मालवणीत शिव्या द्यायची आणि तो मालवणीतच उत्तरं द्यायचा.

मी कचेरीतून लवकर निवृत्ती घेतली, तेव्हापासून मला ग्रुपवर वाद घालायचं व्यसन लागलं आहे. बायको म्हणते, साहेबासमोर तीस वर्षं गप्प बसलात, त्याची भरपाई चालली आहे. असेलही. कोणी काही टाकलं की माझी बोटं शिवशिवतात. आणि मी लिहिलं की पाच-सहा जण तरी शाबासकीचा अंगठा टाकतात, ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी कोणीतरी स्टेशनच्या पुलाखालच्या फेरीवाल्यांचा फोटो टाकला आणि खाली मजकूर, यांना एक खोली द्या, वर्षभरात अख्खा मजला त्यांचा. मजकूर कुठून कुठून फिरून आलेला, पण आमच्याकडे आला आणि पेटला. हे लोक असेच, यांची वृत्तीच तशी, आपण साधे म्हणून आपलं असं झालं. मग चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकांनी लिहिलं, "ब्याऐंशीचा संपसुद्धा यांनीच फोडला. आपल्या चाळीतला भय्या रोज सकाळी डबा घेऊन आत जायचा. मी या डोळ्यांनी बघितलंय."

ही गोष्ट मला नवीन नव्हती. संपात समोरच्या खोलीतला माणूस फितूर झाला, हे चाळीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मी लगेच लिहिलं, "हातात डबा आणि पान खाऊन हात लाल!" पुढे हसरा चेहरा. हे मी मनचं लिहिलं नव्हतं. संध्याकाळी नळावर ते बराच वेळ हात चोळत बसायचे आणि बोटं, नखं, पार मनगटापर्यंत सगळं लाल असायचं, हे मला स्पष्ट आठवत होतं. पानाचा वासही आठवत होता.

अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेच्या मध्येच समोरच्या मुलाचा मेसेज आला. मुलगा म्हणजे आता तोही आजोबा आहे. "माझे वडील पान खात नव्हते. तो गंज होता. संपात ते माझगावला गोदीत जहाजांचा गंज खरवडायला जायचे."

तो ग्रुपवर आहे हे मी विसरलो होतो का? नाही. रोज सकाळी त्याचा राम राम मीच वाचून दाखवत होतो. तो त्यांच्यातला आहे, हे विसरलो होतो. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. पण मला वादात हरायची सवय नाही. मी लिहिलं, "माझगावला तर संपात माझे बाबा जायचे. त्यांना तुझे वडील तिथे कधी दिसले नाहीत."

बाबा कधी तसं म्हणाले होते का, तेही मला आता सांगता येणार नाही. बाबा फक्त एवढंच सांगायचे, डबा घ्यायचे आणि सांगायचे, माझगावला जातो, गोदीत रोजंदारी मिळालीय. बाकीचं मी जोडलं.

तो काहीतरी लिहितो आहे असं पडद्यावर दिसायला लागलं. थांबलं, पुन्हा सुरू झालं, असं बराच वेळ चाललं. मी उत्तराची वाट बघत बसलो होतो, मनात पुढचा मुद्दा तयार करून. उत्तर आलंच नाही. थोड्या वेळाने फक्त एक ओळ आली, की त्याने ग्रुप सोडला. कोणीतरी लिहिलं, खरं बोललं की झोंबतं. मग मीही घाईघाईने लिहिलं, "अरे, तुला नाही रे म्हटलं." ते त्याला दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने विचारलं, "तेचो मेसेज इलो नाय?" मी म्हटलं, नेट नसेल त्याच्याकडे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, गावाला गेला असेल. चौथ्या दिवशी ती पलंगावर उठून बसली.

"गावाक गेलो तर गावाकडसून लिवतलो. तू कायतरी गाळतंस. वाच सगळा, पहिल्यापासून."

मग वाचलं. फेरीवाल्यांचं वाचलं, काकांचं वाचलं. माझी वाक्यं आली तेव्हा आवाज खाली गेला, कारण टाइप करताना जे खुसखुशीत वाटलं होतं ते तोंडाने म्हणवत नव्हतं.

"ह्या पानाचा कोणी लिवल्यान?"

"मी."

"आणि ह्या माझगावचा?"

"तेही मीच."

आई पांघरुणाची कड बोटांनी चाचपत राहिली. मला वाटलं, आता रागावेल, लहानपणी रागवायची तशी. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीक तो थंय कसो दिसतलो? तुझो बापूस माझगावाक कधी गेल्लोच नाय. गिरणीत जाय होतो. पोलिसांच्या गाडयेतसून, मागच्या गेटान. शेवटचे चार म्हयने."

मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस. ती म्हणाली, "केस कोण विंचरी होता तेचे?"

आणि मला ते दार आठवलं. चाळीत दिवसा दार कोणी लावत नसे. पण संपाच्या शेवटी शेवटी बाबा दुपारी घरी आले की आई मला म्हणायची, तू बाहेर जा आणि दार लावून घे. मी गॅलरीत कठड्याला टेकून उभा राहायचो. एकदा फटीतून बघितलं तर बाबा खाली मान घालून बसले होते आणि आई बारीक फणीने त्यांचे केस विंचरत होती. मला वाटलं, बाबांना उवा झाल्या. एवढ्या मोठ्या माणसाला उवा, म्हणून मला लाज वाटली होती आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तो कापूस होता. मागावर काम करणाऱ्याच्या डोक्यात, भुवयांत, कानांत बसतो तो. बंद गिरणीच्या कामगाराच्या केसात तो दिसता तर चाळीने काय केलं असतं, ते मी समोरच्या दारावर बघितलंच होतं. त्यांच्या दारावर डांबराने फितूर लिहिलेलं होतं. नळावर त्यांच्या बायकोची बादली कोणी लावू देत नव्हतं.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"तेका म्हायत नसतला तर कोणाक? तो खरोखरच माझगावाक जाय होतो." मग आईने तिच्या त्या हिंदीत सांगितलं, एकदा नळावर कोणी नाही असं बघून ते तिच्याशी बोलले होते. "भाभी, उसके कान के पीछे कपास रह गया था। देख लिया करो।" एवढंच. नंतर कधी तो विषय काढला नाही.

मी विचारलं, पण बाबा गिरणीत का गेले? आई म्हणाली, "तू जेवत होतंस मा?"

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. राग कोणाचा करायचा, तेच कळत नाही. बाबांचा करावा तर मी जेवत होतो. चाळीचा करावा तर चाळीत मीही होतो, आणि अजून आहे. सकाळी दोन दारांतून दोन माणसं डबा घेऊन निघायची, दोघंही तेच सांगायची, माझगावला जातो. चाळीने एकाचं खरं मानलं, दुसऱ्याचं नाही, आणि नेमकं उलटं होतं. गंजाने लाल झालेले हात मी रोज बघितले आणि पान बघितलं. बरं, पानाचा वास मला कुठून आला? तो मी अजूनही आठवला की येतो. ज्या माणसाने आयुष्यात पान खाल्लं नाही त्याच्या तोंडाचा वास माझ्या नाकात चाळीस वर्षं आहे. मग माझ्या बाकीच्या आठवणींचं काय करायचं?

शेवटपर्यंत संपात टिकून राहिले म्हणून चाळीच्या गणपतीत बाबांना शाल-श्रीफळ दिलं होतं. समोरचे तेव्हा मागे उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. तीही आठवण खरी की मी जोडलेली, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, खरी. बाबांनी ती शाल कधी अंगावर घेतली नाही. मला वाटायचं, जपून ठेवली आहे.

आईला विचारलं, ग्रुपवर लिहू का? ती फिस्कारली. "आता माका कित्याक विचारतंस? तेवा विचारलंस?"

लिहायला दोन दिवस लागले. एरवी भराभर चालणारी बोटं प्रत्येक शब्दाला अडत होती. शेवटी लिहिलं, की संपात आत जाणारे माझे बाबा होते, समोरचे नव्हते, समोरचे खरंच माझगावला जायचे आणि ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत झाकून ठेवली. पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. तासाभराने बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर होतं. "त्या वेळची परिस्थितीच तशी होती रे. पोराबाळांसाठी माणूस काय करणार? तुझे वडील देवमाणूस." खाली जोडलेल्या हातांची रांग.

मी बघतच राहिलो. शिव्या येतील म्हणून छाती घट्ट करून बसलो होतो आणि इथे मला समजून घेत होते. तोच डबा समोरच्याच्या हातात होता तोवर ती त्यांची वृत्ती होती. माझ्या बापाच्या हातात आल्याबरोबर परिस्थिती झाली. मी लिहिलं, "मग समोरच्यांचं काय? दारावर डांबर कोणी लावलं?" त्यावर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी एकाने फुलांच्या ताटव्याचा फोटो टाकला आणि ग्रुप पुढे सरकला.

मग मी त्याला फोन केला. आईच्या पलंगावरच बसून केला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "अरे, मला माहीतच नव्हतं रे."

"मला होतं," तो म्हणाला. "कॉलेजात असताना बाबूजींनी सांगितलेलं. म्हणाले, तुला सांगतोय, बाहेर नको."

"मग त्या दिवशी लिहिलं का नाहीस? तू टाइप करत होतास, मी बघत होतो ना."

"लिहिलं होतं ना. पूर्ण लिहिलेलं, एकेक शब्द. तापलेलो रे मी तेव्हा. मग आठवलं, तू काकींना सगळं वाचून दाखवतोस. मग खोडलं."

आईने हात पुढे केला. "दी माका."

फोन तिच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला, मी सरळ करून दिला. तिने तो कानाला लावला. माझ्या बाजूला तोंड करून मी अजून तिथेच आहे का, याचा अंदाज घेतला.

"तू भायर जा," ती म्हणाली. "आणि दार लावन घी."

मी बाहेर गेलो आणि दार लावून घेतलं.