पेटीच्या तोंडाजवळचा फोम

रज्जाकभाई गेले. त्यांच्या पेटीत दोष नव्हता, हे मी त्यांना सांगितलेच नाही.

सकाळी अचलपूरहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तेव्हापासून त्यांनीच बनवलेल्या स्पीकरसमोर बसून आहे.

मी अकोल्यात नोकरीला होतो, तेव्हा रज्जाकभाई तिथे भजनी मंडळांसाठी स्पीकरच्या पेट्या बनवत. मग कापसाची ती वाईट वर्षे आली. खेड्यांतून ऑर्डर येणे थांबले. आता शहरातल्या नोकरदारांसाठी घरगुती हाय-फाय पेट्या करायच्या, असे त्यांनी ठरवले.

पहिली पेटी माझी. ती ऐकून इतर जण ऑर्डर देणार होते.

डिझाइन ट्रान्समिशन लाइनचे. वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, पाठीमागचा आवाज पेटीतल्या लांब, घडी घातलेल्या बोगद्यातून फिरतो आणि खालच्या तोंडातून बाहेर पडतो. बोगद्यातला फोम मधले स्वर शोषतो, खर्ज तेवढा पुढे सोडतो.

फोम कमी पडला तर पेटी घुमते. जास्त झाला तर खर्जही गुदमरतो.

माझ्याकडच्या परदेशी मासिकातल्या नकाशात फोम शेवटपर्यंत होता. मी स्टीलची पट्टी घेऊन तपासायला गेलो. रज्जाकभाईंनी तो निम्म्यावर थांबवला होता.

"हे अर्धवट का सोडले?"

"साहेब, आपला वूफर गरीब हाये. इतका फोम त्याले झेपनार नाही. तोंडाजवळ मोकळं राहू द्या."

"नकाशात तसे नाही."

"नकाशाले कान हायेत का?"

मी हसलो नाही. मी कॉमर्सचा माणूस. कागदावर आहे तेच खरे.

त्यांनी तोंडापर्यंत फोम चिकटवला. हात पुसत एवढेच म्हणाले, "तुमी म्हनता तसं केलं. पन आवाज जमला नाही, तं माहं नाव घेऊ नका."

आवाज दबलेलाच आला.

मित्र ऐकायला जमले. "तबल्यातला डग्गा कुठे गेला रे?" एकाने विचारले.

मी म्हणालो, "रज्जाकभाईंचे काम."

दुसरी ऑर्डर आली नाही. वर्षभरात ते अचलपूरला जाऊन दारे-खिडक्या करू लागले.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत पेटीच्या तोंडातून काळा भुगा पडला. फोम जुना झाला की विरतो. हवा लागते तिथे आधी. सहज एक जुनी कॅसेट लावली.

डग्गा खोलीभर वाजला.

मागची फळी उघडली. आतला फोम शाबूत. तोंडाकडचा सगळा गळून गेलेला. उरलेल्या फोमला पट्टी लावली.

रज्जाकभाई थांबले होते, जवळजवळ तिथेच.

मी आता अमरावतीत राहतो; इथून अचलपूर काही लांब नाही. एसटी सतत असते. पुढच्या रविवारी जाऊ, असे म्हणत कितीतरी रविवार घालवले. असे फोनवर सांगणे बरे नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली. खरे तर लाज वाटत होती.

त्या दिवशी पेटी ऐकायला माझ्या घरी आलेले बहुतेक जण ही पोस्ट वाचतील. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो: तो फोम मी लावायला लावला होता. पेटी बरोबर होती.

रज्जाकभाई, तुम्ही नको म्हणाला होतात, तरी आज तुमचे नाव घेतो आहे.

नतमस्तक होऊन, अखेरचा सलाम.